बाल्कनीतला ‘हमिंगबर्ड’ नेमका कोण? साखरपाण्याची बाटली टांगण्याआधी हे वाचा

छत्रपती संभाजीनगर : मार्चचे ऊन चढू लागले की उस्मानपुऱ्यातील बंगल्यांच्या अंगणात आणि अपार्टमेंटच्या बाल्कन्यांत एक चिमुकला, निळा-काळा चमकदार पक्षी जास्वंदीभोवती भिरभिरताना दिसतो. अनेक जण त्याला हमिंगबर्ड समजतात. ऑनलाइन फीडर मागवून त्यात साखरपाणीही भरतात. पण हा हमिंगबर्ड नाही.

मग हा कोण?
हा जांभळा शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी. लांबी जेमतेम 10 सेंटीमीटर, चोच बाकदार. विणीच्या हंगामात नर चमकदार जांभळा-काळा दिसतो. मादी वरून तपकिरी, खालून पिवळसर असते.

हमिंगबर्डपेक्षा वेगळा कसा?
हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात. ते हवेत एका जागी स्थिर राहून मध पितात. शिंजीर क्वचित तसे करतो. एरवी तो फांदीवर बसूनच फुलात चोच घालतो. दोघांचे कूळ वेगळे, खाद्य मात्र सारखे.

फीडर लावावा का?
टाळलेलाच बरा. चाळिशीपार उन्हात साखरपाणी लवकर आंबते, बुरशी धरते. शिवाय पिल्लांना फक्त गोड चालत नाही. त्यांना किडे आणि कोळी लागतात.

त्याऐवजी काय कराल?
– कुंडीत जास्वंद किंवा अडुळसा लावा.
– फुलझाडांवर कीटकनाशक फवारू नका.
– पसरट भांड्यात रोज ताजे पाणी ठेवा. झाडांवर पाणी शिंपडले तर शिंजीर ओल्या पानांवर अंघोळही करतो.
– कोपऱ्यातली जळमटे थोडे दिवस राहू द्या. मादी त्यांनीच घरटे विणते.

तारेवर घरटे दिसले तर?
कपडे वाळत घालायच्या तारेवर किंवा वायरला लोंबणारी कचऱ्याची पुरचुंडी दिसली तर ओढून काढू नका. बाजूला छोटे दार असेल तर ते शिंजिराचे घरटे असू शकते. अंडी घातल्यापासून पिल्ले उडेपर्यंत साधारण महिना लागतो. तेवढे दिवस कपडे दुसरीकडे वाळवा, फोटोसाठी जवळ जाऊ नका. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे, घरट्याला त्रास देणे हे ‘शिकार’ या व्याख्येत मोडते.

हा पक्षी पाहायला सलीम अली सरोवरापर्यंत जायचीही गरज नाही. सकाळी लवकर, फुललेल्या कुंडीपासून चार पावले मागे उभे राहा.