खुर्ची उलटी करून बघा

मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर गेलात, तर पितळी दिवे, लंबकाची घड्याळं, सिनेमाची पोस्टरं आणि चिनी मातीच्या बरण्या यांच्या गर्दीत एक खुर्ची हमखास भेटेल. गोल बैठक, तिला वेताची जाळी आणि पाठीला एकात एक अशा दोन कमानी. इराण्याच्या हॉटेलात ब्रून-मस्का खाल्ला असेल, तर अशा खुर्चीत तुम्ही बसलाही असाल. भाव विचारायची घाई करू नका. आधी तिच्या पाठीवरून हात फिरवा आणि लाकडाच्या रेषा कुठे जाताहेत ते बघा.

अस्सल खुर्चीत त्या रेषा कमानीबरोबर वळतात! मागचा एक पाय जमिनीवरून वर चढतो, त्याचीच पाठ होते, ती वळसा घेऊन पलीकडे उतरते आणि दुसरा पाय होते. सगळा मिळून एकच दांडा, मध्ये कुठे सांधा नाही. कापून गोल केलेल्या लाकडात हे शक्यच नाही. तिथे रेषा सरळ धावतात आणि कडेला येऊन तुटतात. म्हणजे हे लाकूड कापलेलं नाही, वाकवलेलं आहे. पण अंगठ्याहून जाड, टणक लाकूड वाकवायचं कसं? जोर लावला तर ते कडाडून मोडेल की!

उत्तर आहे वाफेत. लाकूड म्हणजे लांबच लांब तंतू, आणि त्यांना धरून ठेवणारं लिग्निन नावाचं द्रव्य. हे लिग्निन थेट चिक्कीच्या पाकासारखं वागतं: गरम असताना द्याल तो आकार घेतं, गार झालं की तोच आकार कडक धरून बसतं. बीच नावाच्या युरोपातल्या झाडाचे सरळ दांडे कित्येक तास वाफेत ठेवले, की ते वाकायला तयार होतात.

तरीही एक मोठी अडचण उरते. दांडा वाकला की त्याची आतली बाजू आखडते आणि बाहेरची ताणली जाते. वाफवलेलं लाकूड दाबून पाव हिश्शाने आखूड करता येतं, पण ताणायला गेलात तर एकदोन टक्क्यांतच बाहेरून फाटतं. मग काय करायचं? जर्मनीत जन्मलेल्या आणि व्हिएन्नात नावारूपाला आलेल्या मिखाएल टोनेट या सुताराने बाहेरच्या बाजूला एक लोखंडी पट्टी ठेवली आणि ती दोन्ही टोकांना घट्ट अडकवली. पट्टी ताणली जात नाही, म्हणून लाकूडही ताणलं जात नाही. सगळा दांडा निमूटपणे आखडतो आणि वळतो. एवढीशी पट्टी, पण लाकडाच्या स्वभावातलं उणं झाकून त्याचं बळ कामाला लावणारी! मला तर संपूर्ण खुर्चीत हीच युक्ती सगळ्यात सुंदर वाटते, आणि गंमत म्हणजे तयार खुर्चीत ती कुठेच दिसत नाही.

याआधी टोनेट लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसाने चिकटवून वाकवायचा. दमट हवेत सरस सुटतो. अख्खा दांडा वाकवता आल्यावर ती धास्तीच संपली. १८५९ मध्ये त्याची १४ नंबरची खुर्ची आली: सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुटे भाग रचले, तर एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत! त्या जहाजाने कुठेही पाठवायच्या आणि पोचल्यावर स्क्रू पिळून उभ्या करायच्या. १९३० पर्यंत अशा सुमारे पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या.

१८६९ मध्ये टोनेटचा एकाधिकार संपला आणि इतर कारखानेही अशा खुर्च्या बनवू लागले. त्यामुळे आता खुर्ची उलटी करा. बैठकीच्या कड्याच्या आतल्या अंगाला कारखान्याचा शिक्का किंवा कागदी चिठ्ठीचा तुकडा सापडतो का पाहा. स्क्रूची डोकी बघा. फुलीची खाच १९३० च्या दशकात आली, तेव्हा ती दिसली तर निदान तो स्क्रू तरी नंतरचा.

आणि वरची ती मधाळ चकाकी? जुन्या खुर्चीवर ती बहुतेक वेळा लाखेची असते. होय, पांडवांसाठी जिचं घर रचलं होतं, तीच लाख! पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर इवलेसे किडे रस शोषत बसतात आणि स्वतःभोवती राळेचं कवच तयार करतात. ते खरवडून, वितळवून, गाळून चपडा लाख होते, आणि ती स्पिरिटमध्ये विरघळवली की पॉलिश. एकोणिसाव्या शतकात जगाला लाख पुरवणारा मुख्य देश भारतच होता. म्हणजे युरोपातल्या जंगलातला दांडा आपल्याकडच्या झाडांवरच्या किड्यांचं कवच पांघरून बोटीने मुंबईला आला असेल! शेजारच्या दुकानात ग्रामोफोनच्या ७८च्या जुन्या तबकड्या रचलेल्या दिसल्या, तर त्याही हातात घेऊन बघा. त्यांतही दगडाच्या भुकटीबरोबर हीच लाख आहे. म्हणून तर त्या पडल्या की काचेसारख्या फुटतात.

पॉलिश लाखेचंच आहे का, हे ओळखणं सोपं आहे. दुकानदाराला विचारून बैठकीखाली, दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस टेकवा. जागा चिकट झाली, की ती लाख. आणि इथेच तिचा आणखी एक चमत्कार आहे. वर्षानुवर्षांच्या जुन्या थरावर नवा हात दिला, तर नव्यातलं स्पिरिट जुना थर वरवर विरघळवतं आणि दोन्ही मिळून एकच थर होतो. मेलॅमाइन किंवा पॉलियुरेथेनला हे जमत नाही. ते वर वेगळंच पापुद्र्यासारखं बसतं. म्हणून दुकानदार म्हणाला, ‘घासून मेलॅमाइनची नवी चकाकी मारून देतो, साहेब,’ तर त्याला नको म्हणा, खुर्ची आहे तशीच मागा आणि वाचलेल्या मजुरीचे पैसे भावातून कमी करून घ्या.