परक्या घरचे मूल

परदेशी शिक्षण म्हटले की आपल्यापुढे विद्यापीठ उभे राहते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना तिकडे धाडण्याची एक मोठी योजना मात्र युद्धातून निघाली. ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’चे स्वयंसेवक १९१५ पासून फ्रान्समध्ये जखमी सैनिक वाहून नेत. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४७ साली, याच संस्थेने शाळकरी मुलांची देवघेव आरंभिली. पुढे पराभूत जर्मनीची मुलेही अमेरिकन घरांत राहिली.

आम्हांस यातील खरी गोम शाळेपेक्षा घरात दिसते. यजमान पैसे घेत नाहीत; म्हणून मूल भाडेकरू होत नाही आणि घरकामही त्याला चुकत नाही. पाहुण्याशी आपण गोडच बोलतो. रागावतो ते घरच्या मुलावर. रागावल्यावर संध्याकाळी पुन्हा एकाच पंगतीस बसावयाचे, हा अभ्यास कोणत्या पुस्तकात सापडावा?

आपल्याकडे पाहुण्याला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाहीत. असे मूल उद्या आपल्या आळीत वर्षभर राहावयास आले, तर त्याला भांडी विसळू द्यावयास आपण तयार आहोत काय?