ल्योंच्या पंगतीला बसताना

वाचकहो, युरोपातल्या एखाद्या शहरी सुटीवर जावे, तिथे उत्तम जेवावे, द्राक्षाच्या वाइनची चव घ्यावी, हा विषय खेड्यातल्या मंडळींपुढे आणि शिक्षकांपुढे कशाला काढायचा, असे तुमच्या मनात आले असेल. शंका रास्त आहे. पण आता गावोगावची मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी तिकडे जातात, आणि त्यांच्या मागोमाग आईवडीलही महिना-पंधरा दिवस राहून येतात. तिथल्या उपाहारगृहात शिरताना त्यांच्या पोटात गोळा येतो. शिवाय दुसरेही एक कारण आहे. त्या झकपक टेबलावरच्या जेवणाचा धागा उलगडत गेले, तर त्याचे एक टोक शेतकऱ्याच्या बांधावर निघते आणि दुसरे चुलीपुढच्या बाईपाशी. ते कसे, हे सांगण्यासाठी मी फ्रान्समधले एक शहर निवडले आहे. आपण त्याला लिऑन म्हणतो, तिकडचे लोक ल्यों म्हणतात.

पॅरिसहून वेगवान आगगाडीने हे शहर दोन तासांवर आहे. ऱ्होन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावर ते वसले आहे. रोमन लोकांनी इसवी सनापूर्वी ४३ मध्ये ते वसवले. आता आजूबाजूचा मुलूख बघा. ईशान्येला ब्रेस नावाचा कोंबड्यांसाठी प्रसिद्ध असलेला भाग. त्याच्या शेजारी दोंब, म्हणजे तळ्यांचा नि माशांचा प्रदेश. वायव्येला पांढऱ्या शारोले गाईगुरांची कुरणे. पूर्वेला डोंगर, तिथले दूध आणि चीज. आणि उत्तरेला लागूनच बोजोलेच्या टेकड्यांवरचे द्राक्षमळे. ल्योंला नद्या दोन नव्हेत, तीन आहेत, तिसरी बोजोलेच्या वाइनची, असे तिकडे गमतीने म्हणतात. चहूकडचा माल ज्या बाजारपेठेत उतरतो तिथे खाणे चांगले असायचेच. १९३५ साली क्युर्नोन्स्की या टोपणनावाने लिहिणाऱ्या फ्रेंच खाद्यलेखकाने ल्योंला जगातल्या पाककलेची राजधानी ठरवून टाकले. पॅरिसकरांना हे रुचले नसावे, पण ते नाव आजतागायत टिकले आहे.

मात्र ही राजधानी उभी राहिली ती राजवाड्यातल्या आचाऱ्यांवर नव्हे. ल्यों हे रेशमाचे गाव. शाळेत ज्याच्या मागाचे नाव शिकवतात तो जकार्ड इथलाच, १७५२ सालचा. क्रुआ-रूस नावाच्या टेकडीवर विणकरांची वस्ती होती. त्यांना 'कानू' म्हणत. मजुरीच्या दरासाठी त्यांनी १८३१ साली उठाव केला, १८३४ साली पुन्हा केला, आणि दोन्ही वेळा तो लष्कराकडून मोडला गेला. हे लोक पहाटेपासून मागावर बसत आणि सकाळी नऊ-दहाच्या सुमारास भरपेट न्याहारी करीत. स्वस्तातले मांस, आतडी, पाव आणि सोबत वाइन. त्या न्याहारीला 'माशों' म्हणतात आणि ती पुरवणाऱ्या लहानशा खाणावळीला 'बूशों'. पूर्वी खाणावळीच्या दारावर खूण म्हणून पेंढ्याची जुडी टांगत, तिच्यावरून हे नाव पडले असे सांगतात. आज ज्या बूशोंमध्ये पर्यटक आधी जागा राखून ठेवून रांगेने जातात, तिथले पदार्थ मूळचे या मजुरांचे आहेत.

एका पदार्थाचे नाव तर ऐकण्यासारखे आहे: 'सेर्व्हेल द कानू', म्हणजे विणकराचा मेंदू. घाबरू नका, त्यात मेंदूबिंदू काही नाही. आपल्या चक्क्यासारखे ताजे, मऊ चीज घ्यायचे, त्यात कांद्याची पात, लसूण, तेल, थोडा व्हिनेगर, मीठ-मिरी घालून घोटायचे, आणि पावाला लावून खायचे. विणकरांना अक्कल कमी, असे मानणाऱ्या श्रीमंतांनी हे नाव दिले म्हणतात. विणकर गेले, ते श्रीमंतही गेले, पदार्थ राहिला. शाकाहारी माणसाला ल्योंमध्ये जवळचा वाटेल असा हाच एक पदार्थ. एवढे मात्र सांगून ठेवतो, की फ्रान्समधल्या पुष्कळ चीजमध्ये दूध साकळण्यासाठी वासराच्या जठरातला रस वापरतात. कडक नेम पाळणाऱ्यांनी आधी विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

आता चुलीपुढच्या बाईकडे येऊ. ल्योंच्या धनिकांच्या घरी खेड्यातून आलेल्या मुली स्वयंपाकाला असत. पुढे कुटुंबांची ऐपत घटली, नोकऱ्या सुटल्या, तेव्हा त्यांतल्या कित्येकींनी स्वतःच्या खाणावळी काढल्या. गिऱ्हाइके त्यांना 'मेर' म्हणत. मेर म्हणजे आई. पदार्थ चार-सहाच, पण रोज तेच, रोज तितकेच चांगले. ह्या आयांमध्ये सर्वांत थोर म्हणजे युजेनी ब्राझिए.

ही बाई १८९५ साली ब्रेसच्या बाजूच्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी जन्मली. दहा वर्षांची असताना आई वारली आणि पोरगी दुसऱ्यांच्या शेतावर कामाला लागली. शाळा फक्त हिवाळ्यात, तीही शेतात काम नसेल तेव्हा. विशीच्या आत, लग्नाविना मूल झाले. बापाने घराबाहेर काढले. मूल दुसऱ्यांकडे सांभाळायला ठेवून ती ल्योंमध्ये मोलकरीण म्हणून राहिली, तिथे स्वयंपाकाला लागली, मग फिल्यू नावाच्या एका नामांकित 'आई'च्या खाणावळीत काम केले. १९२१ साली तिने स्वतःचे छोटे दुकान मांडले. पुढे डोंगरातल्या एका खिंडीत, जिथे सुरुवातीला वीज नव्हती की गॅस नव्हता, अशा लाकडी घरात दुसरे काढले. १९३३ साली तिच्या दोन्ही जागांना मिशलँच्या मार्गदर्शिकेने प्रत्येकी तीन तारे दिले. एकाच वेळी सहा तारे मिळवणारी ती पहिली व्यक्ती, बरं का! पुरुष असो वा स्त्री, तोवर कोणालाच ते जमले नव्हते, आणि पुढेही ते जमायला १९९८ साल उजाडावे लागले.

हे तारे म्हणजे काय, तेही सांगतो. मिशलँ ही मोटारींचे टायर बनवणारी कंपनी. लोकांनी मोटारीतून हिंडावे, टायर झिजावेत, म्हणून तिने १९०० साली एक फुकट पुस्तिका काढली. नकाशे, दुरुस्तीची ठिकाणे, मुक्कामाची ठिकाणे. १९२६ पासून चांगल्या जेवणाला त्यात तारा मिळू लागला. धंद्याची युक्ती म्हणून जन्मलेली पुस्तिका पुढे आचाऱ्यांचे नशीब ठरवू लागली. तारा गेला की आचारी खचतात, अशी तिची सत्ता आहे. मला ही सत्ता थोडी जास्तच वाटते. पण या पुस्तिकेमुळेच एका मोलकरणीचे नाव फ्रान्सभर झाले, हेही खरे.

तिच्याच हाताखाली पॉल बोक्यूझ नावाचा तरुण शिकला. तो पुढे जगप्रसिद्ध झाला आणि २०१८ साली वारला. शहराच्या मोठ्या झाकल्या मंडईला आज त्याचे नाव आहे. युजेनीबाई १९७७ साली गेल्या. बाहेरच्या जगात शिष्याचे नाव दहा जणांना ठाऊक असेल तर गुरूचे एकाला. असे का व्हावे, हे शिक्षकांनी वर्गात विचारून पाहावे.

त्यांच्या हातच्या कोंबडीला तोड नव्हती असे म्हणतात, पण कोंबडी ब्रेसचीच लागे. पांढरी पिसे, लाल तुरा, निळसर पाय, म्हणजे फ्रान्सच्या झेंड्याचे तिन्ही रंग. १९५७ पासून तिच्या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. प्रत्येक पक्ष्यामागे निदान दहा चौरस मीटर गवताळ जागा हवी, खाणे मका, धान्य नि दूध. एवढे असेल तरच ती 'ब्रेसची'. दुसऱ्या गावच्या कोंबडीला ते नाव लावले तर गुन्हा.

हाच नियम वाइनला. बोजोलेत गामे नावाची काळी द्राक्षे होतात. १३९५ साली बर्गंडीच्या सरदाराने ही जात हलकी म्हणून आपल्या मुलखातून उपटून टाकण्याचा हुकूम काढला होता. बोजोलेच्या डोंगरउतारावरच्या ग्रॅनाइटच्या जमिनीत मात्र ती रुजली. आपल्याकडची खाण्याची द्राक्षे मोठी, पातळ सालीची, बिनबियांची. वाइनची द्राक्षे बारीक, जाड सालीची आणि बियांची असतात, कारण रंग नि चव सालीत असते. पाऊण लिटरच्या एका बाटलीला साधारण किलोभर द्राक्षे लागतात. बाटलीवरच्या चिठ्ठीवर बघा: फ्लरी, मोर्गों, शिरूब्ल. ही मालकांची नावे नव्हेत, गावा-शिवारांची आहेत. १९३५ च्या कायद्याने ठरले, की कोणत्या शिवारात, कोणती जात, हेक्टरी किती उतारा, हे पाळले तरच गावाचे नाव लावता येईल. त्यामुळे नाव एका व्यापाऱ्याच्या मालकीचे न राहता त्या शिवारातल्या सगळ्या बागाईतदारांचे झाले. आपल्याकडे १९९९ साली भौगोलिक निर्देशांचा कायदा झाला, आणि नाशिकची द्राक्षे, कोल्हापूरचा गूळ यांना ते संरक्षण मिळाले, ते याच विचाराने.

पण या बागा एकदा मुळासकट जाण्याच्या बेतात होत्या. १८६० नंतर दक्षिण फ्रान्समधल्या वेली कारण नसताना वाळू लागल्या. १८६८ साली प्लांशों या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मुळे खणून पाहिली, तर त्यांवर पिवळसर, डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड! फायलोक्झेरा. अमेरिकेहून आणलेल्या वेलींबरोबर ती आली होती. लोकांनी काय काय केले! बागांत पाणी तुंबवले, जमिनीत विषारी द्रव टोचले, कोणी तर वेलीखाली जिवंत बेडूक पुरले. सरकारने तीन लाख फ्रँकचे बक्षीस लावले. १८७५ ते १८८९ एवढ्या अवधीत देशातले वाइनचे उत्पादन एक-तृतीयांशाच्याही खाली आले, आणि हजारो कुटुंबे गाव सोडून परागंदा झाली.

उपाय निघाला तो शत्रूच्याच घरातून. अमेरिकेतल्या रानटी वेलींच्या मुळांना ही कीड मारू शकत नव्हती. तेव्हा खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच डोळा, असे कलम बांधायचे. जुन्या बागाईतदारांना हा बाट वाटला, त्यांनी विरोध केला. बोजोलेतल्या शिरूब्ल गावचा व्हिक्तोर प्युल्या हा जाणकार गावोगाव लोकांना कलमाची विद्या शिकवीत राहिला. गावात आज त्याचा पुतळा आहे. नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष-बागाईतदार हे वाचून हसतील. त्यांच्या बागेत डॉगरिजचा जो खुंट असतो, तो मूळचा अमेरिकेतल्या टेक्सासचाच. आपल्याकडे तो क्षार आणि पाण्याची टंचाई सोसतो म्हणून घेतला, पण विद्या तीच.

आता प्रत्यक्ष जेवायला बसू. दारातून शिरताना 'बाँझूर' म्हणा. न म्हणणे उद्धटपणाचे. वेळ सांभाळा: दुपारी बारा ते दोन. दोननंतर पुष्कळ ठिकाणी चूल बंद होते. फ्रेंचमध्ये 'मन्यू' म्हणजे ठरावीक दराचे पूर्ण जेवण. आपण ज्याला मेन्यू म्हणतो, त्या यादीला ते 'कार्त' म्हणतात. दुपारचे ठरावीक जेवण रात्रीपेक्षा बरेच स्वस्त पडते, तेव्हा मोठ्या नावाच्या ठिकाणी जायचे तर दुपारी जा. 'आंत्रे' म्हणजे पहिला पदार्थ, मुख्य नव्हे. मग मुख्य पदार्थ, मग चीज, मग गोड. आपल्या ताटात सगळे एकदम वाढतात, तिकडे एकामागून एक येते. म्हणून घाई करायची नाही. फ्रेंचांच्या या सणासुदीच्या भोजनपद्धतीची नोंद युनेस्कोने २०१० साली जगाच्या सांस्कृतिक वारशात केली आहे.

बूशोंमध्ये वाइन जाड बुडाच्या एका बाटलीत येते, तिला 'पो' म्हणतात. तिच्यात ४६ सेंटिलिटर मावते, म्हणजे अर्ध्या लिटरला थोडी कमी. मोठ्या ठिकाणी वाढपी बूच काढून आधी घोटभर ओततो आणि उभा राहतो. आपली परीक्षा चालली आहे असे नवख्याला वाटते. तसे काही नाही. बुचामुळे वाइनला कुबट वास लागला आहे का, एवढेच बघायचे. वास ठीक असेल तर मान हलवा, झाले. रंग, वास, मग लहान घोट, आणि घोटाबरोबर खाणे. नुसती ढोसण्याची ही वस्तू नव्हे.

न पिणाऱ्याने मुळीच संकोचू नये. 'कराफ दो' म्हटले की साध्या पाण्याची सुरई फुकट मिळते, आणि कोणी वळून पाहत नाही. खुद्द फ्रेंच लोकही बदलले आहेत. शाळेत जेवणाबरोबर चौदा वर्षांखालच्या मुलांना मद्य देणे तिथे १९५६ साली बंद झाले. होय, तोवर देत असत! १९६० च्या सुमारास माणशी वर्षाला शंभर लिटरांच्या वर वाइन पीत, ते प्रमाण आता निम्म्याहूनही खाली उतरले आहे. आणि मद्याचे कोणतेही प्रमाण प्रकृतीला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्टच सांगितले. चव घेणाऱ्याने हे जाणून घ्यावी.

जेवण संपले, तरी बिल आपोआप येत नाही. आपल्याकडे चहाचा कप खाली ठेवण्याआधी पोऱ्या टेबल पुसायला येतो. तिकडे न मागता बिल आणणे म्हणजे पाहुण्याला उठा म्हणण्यासारखे. नवखा माणूस तासभर वाट पाहत बसतो आणि मनात चरफडतो. तेव्हा वाढप्याच्या डोळ्याला डोळा भिडला की 'लादिसियों, सिल व्हू प्ले' म्हणा. वाढण्याचा आकार बिलात धरलेला असतो. वर चार नाणी ठेवायची की नाही, तुमच्या मर्जीवर.