हुजूरपागेच्या मुली

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरून जाताना हुजूरपागा पटकन दिसत नाही. रस्त्याला लागून दुकानं आहेत, गर्दी आहे, आणि शाळा त्यांच्या मागे. पेशवाईत इथे खुद्द पेशव्यांच्या घोड्यांची पागा होती. ते नाव आधी जागेला चिकटलं, मग शाळेला. कागदोपत्री ही एच. एच. सी. पी. हायस्कूल, म्हणजे सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या नावाची शाळा. पण इथे शिकलेली बाई विचारल्यावर एवढंच सांगते, ‘मी हुजूरपागेची.’ त्या सांगण्यात अभिमान असतो, आणि तो मला रास्त वाटतो.

महादेव गोविंद रानडे, रा. गो. भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि शंकर पांडुरंग पंडित यांच्या प्रयत्नांतून 1884 च्या सप्टेंबरात ही शाळा उभी राहिली. फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं ते त्यानंतर, 1885 च्या जानेवारीत. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली तो भिडेवाडा इथून पायी काही मिनिटांवर होता. म्हणजे वाट पाडलेली होती, तरी विरोध सरला नव्हता. मुलींसाठी हायस्कूल हवं, अशी मागणी करणारं इंग्रजी भाषण रमाबाई रानड्यांनी गव्हर्नरसाहेबांसमोर वाचलं, तर घरातल्या बायकांनी त्यांना घालूनपाडून बोलून घेतलं. शाळा सुरू झाल्यावर टिळकांनी अकरा ते पाच या वेळेवर आणि इंग्रजी शिकवण्यावर टीका केली. घरकाम असलेल्या मुली इतका वेळ घराबाहेर कशा राहणार, हा त्यातला एक मुद्दा. संमतिवयाचा कायदा झाला तो 1891 मध्ये, आणि त्यानेही मुलींचं संमतिवय नेलं ते दहावरून बारावर. अशा काळात मुलीने सहा तास वर्गात बसायचं, हाच मोठा बदल होता.

पण मला जास्त ओढ आहे ती त्या सहा तासांत मुली आपापसांत काय करत, याची. साठी ओलांडलेल्या वर्गमैत्रिणी एकत्र बसल्या की अभ्यासाचा विषय फार वेळ टिकत नाही. कोणत्या बाई कडक होत्या, कुणाची वही सगळ्या वर्गात फिरायची, ऑफ तासाला कोण नकला करायचं, हे निघतं. दोन घट्ट वेण्या वर बांधायच्या आणि शाळा सुटेपर्यंत एका रिबिनीचा पत्ता नसायचा, हे निघतं. आणि मग गॅदरिंग. तिथल्या नाटकात महाराजही मुलगी, खानही मुलगी, मावळेसुद्धा मुलीच. काजळाने काढलेल्या मिशा घामाने ओघळायच्या, फेटा कानावर यायचा, आणि आवाज मात्र असा खणखणीत लागायचा की घरचे ऐकून चकित व्हायचे.

मुलींच्या शाळेचं मोल मला इथे दिसतं. वर्गात मुलगे नसल्यामुळे बाकं उचलण्यापासून खो-खोच्या कप्तानकीपर्यंत सगळी कामं मुलींच्याच वाट्याला यायची. ‘हे तुझं काम नाही’ म्हणायला कुणी नव्हतं. घरी जिला हळू बोल, हळू हस म्हणून बजावलेलं असे, ती इथे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी हाक मारायची. भोंडल्याच्या दिवसांत तर विचारूच नका. पाटावरच्या हत्तीभोवती फेर, गाणी घसा बसेस्तोवर, आणि शेवटी खिरापत ओळखताना गोड की तिखट यावरून गोंधळ. पुण्यातल्या कोणत्याही मुलींच्या शाळेतली बाई हे सांगताना आजही आवाज चढवते.

हुजूरपागेतल्या एका मैत्रीची गोष्ट तर सांगायलाच हवी. ब्रह्मदेशात जन्मलेली, तिथल्या नदीचं नाव मिळालेली इरावती करमरकर सातव्या वर्षी इथे निवासी विद्यार्थिनी म्हणून आली. तिच्या वर्गात शकुंतला परांजपे होती, रँग्लर र. पु. परांजप्यांची लेक. शकुंतलेच्या आईला या मुलीचा लळा लागला आणि तिने इरावतीला घरीच आणलं. पुस्तकांनी भरलेल्या त्या घरात ती लेकीसारखी वाढली. पुढे ती इरावती कर्वे झाली, मानवशास्त्रज्ञ, ‘युगान्त’ची लेखिका. शकुंतला परांजप्यांनी संततिनियमनाच्या प्रचाराला आयुष्य वाहिलं. एका वर्गातली ओळख दोन आयुष्यांत किती खोल जाऊ शकते, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. शान्ता शेळके इथल्याच, आणि कर्करोगावर संशोधन करणाऱ्या डॉ. कमल रणदिवेही.

नावाजलेल्या मोजक्याच. बाकीच्या शेकडो मुली मॅट्रिक होऊन संसाराला लागल्या, बँकेत, पोस्टात, शाळांत नोकऱ्या केल्या, काहींचं शिक्षण मधेच सुटलं. वर्गात त्या एकमेकींना आडनावाने हाक मारत: ए जोशी, ए शिंदे, ए गोखले! कारण एका वर्गात तीन सुनीता आणि चार वासंती असायच्याच. लग्नानंतर आडनाव गेलं, काहींचं पहिलं नावही तांदळाच्या ताटात बदललं. माहेरचं आडनाव हक्काने घेणारी माणसं मग फार थोडी उरली, आणि त्यांत वर्गमैत्रिणी पहिल्या. आजी झालेल्या बाईच्या फोनवर तिची मैत्रीण अजून ‘गोखले’ म्हणूनच नोंदलेली असते.

वर्गाचा मेळावा भरवायचा ठरला की हीच गोष्ट अडचणीची होते. हजेरीपटावरची ‘शिंदे’ आज कोणत्या नावाने कुठे राहते, हे शोधायचं कसं? मुलग्यांच्या वर्गाला हा प्रश्न पडत नाही. मग कुणीतरी नारायण पेठेतला जुना पत्ता काढते. वाडा पडून तिथे इमारत झालेली असते, पण तळमजल्यावरचा दुकानदार भावाचं नाव सांगतो. भाऊ कोथरूडला सापडतो, तो बहिणीचा नंबर देतो. काही जणींचा माग लागतो, काही जणींचा लागत नाही, आणि पुढच्या मेळाव्याआधी यादी पुन्हा बाहेर निघते. ज्यांचं शिक्षण आठवी-नववीतच सुटलं, त्यांच्यासाठी तर जास्तच विचारपूस होते, कारण त्यांच्याकडे शाळेचा एखादा फोटोही नसतो.