आश्विनातला कटला

दसऱ्याच्या आगेमागे निफाड तालुक्यात कुणालाही विचारा, बोलणे द्राक्षाच्या छाटणीवर येऊन थांबते. मजूर मिळाले का, पेस्ट लावून झाली का, पाऊस पुन्हा येईल का. गोदाकाठच्या भोई आणि भिल्ल वस्त्यांवर मात्र याच दिवसांत दुसरीच लगबग असते. पावसाळ्यात गुंडाळून ठेवलेली जाळी अंगणात पसरली जातात, उंदरांनी कुरतडलेल्या जागा शोधल्या जातात, जाळे तरंगवणारे बोये तपासले जातात. पूर ओसरलेला असतो आणि गढूळ पाणी निवळू लागलेले असते. रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस धरण्याचा हा खरा हंगाम, पण द्राक्ष आणि कांद्याच्या गलबल्यात त्याची बातमी होत नाही.

गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे इंग्रजी अमदानीत, 1907 ते 1913 या काळात, नांदूरमधमेश्वरचा बंधारा बांधला गेला. हेतू साधा होता: वरून, दारणेसारख्या धरणातून सोडलेले पाणी इथे अडवायचे आणि डाव्या-उजव्या कालव्यांतून कोपरगाव-राहात्याकडे न्यायचे. मासे किंवा पक्षी कुणाच्याच डोक्यात नव्हते. पण शंभर वर्षांचा गाळ साचला, पाणी उथळ झाले, लव्हाळे आणि पाणवनस्पती माजल्या आणि कालव्याच्या या सोयीतून एक पाणथळ जागा तयार झाली. 2020 मध्ये ती महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरली. पक्षी बघायला येणाऱ्यांची गर्दी तेव्हापासून आणखी वाढली आहे. पाण्याखाली जे चालते त्याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

आश्विनातच मासा का लागतो, याचे उत्तर माशाच्या पोटात आहे. वरचे चारही मासे कार्प कुळातले, आणि या कुळातल्या माशांना जठरच नसते. अन्न थेट आतड्यात जाते, साठवून ठेवायला जागा नाही, त्यामुळे त्यांना दिवसभर थोडे थोडे खात राहावे लागते. पाणी ऊबदार असेपर्यंत ते खातात आणि वाढतात, पाणी गारठले की मंदावतात. आणि निफाडचा गारठा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे; कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा पौषात वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतो. म्हणजे पूर उतरल्यापासून थंडी बसेपर्यंतचे आठ-दहा आठवडे माशाला भरपूर खाऊन घ्यायचे असतात. पुराने काठचे गवत बुडवलेले असते, त्यावर किडे-अळ्या असतात, आणि मासा काठाशी येतो.

जाळे लावणाऱ्याला प्रत्येक माशाचे तोंड ओळखता यावे लागते. कटल्याचा खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वरच्या बाजूला उघडणारे. तो पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहूचे ओठ झालरीसारखे, तो मधल्या थरात फिरतो. मृगळाचे तोंड खाली वळलेले, सायप्रिनसला मिशांच्या दोन जोड्या. हे दोघे तळचा चिखल उकरतात. म्हणून एकाच तंगूसाच्या (नायलॉनच्या) जाळ्याला बोये जास्त बांधले तर ते कटल्याचे होते आणि खालच्या दोरीला शिसे वाढवले तर मृगळाचे. जाळे तेच, पण बांधणी बदलली की मासा बदलतो.

थर्माकोलच्या तराफ्यावर बसून, हातातल्या फळीने वल्हवत, जाळे मावळतीला सोडतात. बोलणे हळू असते आणि तराफ्यावर काही आपटू दिले जात नाही. त्यालाही कारण आहे. या कुळातल्या माशांच्या पोटातली हवेची पिशवी आणि कान यांना हाडांची एक बारीक साखळी जोडते, त्यामुळे त्यांना पाण्यातला आवाज फार चांगला ऐकू येतो. जाळे पहाटे उचलतात. कटला जाळ्यात डोके घालतो, कल्ल्यांमागे धागा अडकतो, मागे फिरायला गेला की कल्ल्याचे झाकण धाग्यावर उघडते आणि तो पक्का होतो. सोडवताना ओढून चालत नाही. डाव्या हाताने डोके धरायचे, उजव्या अंगठ्याच्या नखाने धागा कल्ल्याच्या झाकणावरून पुढे सरकवायचा, मग मासा आपोआप सुटतो. घाईने ओढले तर जाळेही जाते आणि कल्लाही फाटतो, आणि फाटक्या कल्ल्याच्या माशाकडे गिऱ्हाईक संशयाने बघते. पाणवेलीचे झुबके जाळ्यात आले तर सकाळ ते काढण्यातच जाते. नाशिक शहराकडून वाहत येणारी ही पाणवेल आता नांदूरमधमेश्वरचे कायमचे दुखणे झाली आहे.

माशाच्या खाण्याचे हे ज्ञान दख्खनला नवे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मासेमारीच्या खेळावर स्वतंत्र प्रकरण आहे. कोणता मासा कुठे राहतो, त्याला कोणते आमिष लावावे, गळ आणि दोर कसे असावेत, हे त्यात सविस्तर येते. आजही काठावर कणकेचा गोळा मळत बसलेला माणूस दिसला की मला सोमेश्वराची आठवण येते.

मात्र आज जाळ्यात येणारे बरेचसे मासे इथले मूळचे नव्हेत. रोहू उत्तरेतल्या गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. तो आणि त्याचे भाऊबंद वाहत्या पुरातच अंडी घालतात, साठलेल्या पाण्यात घालत नाहीत. म्हणून पूर्वी बंगालच्या नद्यांतून गोळा केलेले बीज कलकत्त्याहून रेल्वेने देशभर जात असे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्याच पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात प्रजनन घडवून दाखवले. ते झाले नसते तर नाशिकच्या धरणांत आज एवढा कटला दिसला नसता. 10 जुलै हा दिवस आता देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. सायप्रिनसची वाट वेगळी: 1939 मध्ये हा मासा श्रीलंकेतून उटीला आला आणि पुढे 1957 मध्ये बँकॉकहून त्याची दुसरी जात आणली गेली. तो साठलेल्या पाण्यात पाणवनस्पतींना अंडी चिकटवतो, म्हणून कुणी न सोडताही वाढतो. त्या पाण्यातल्या जुन्या माशांची जागाही तो बळकावतो, हे मला खुपते. खडस, म्हणजे दख्खनचा महाशीर, याच कार्प कुळातला. त्याच्यासाठी लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने पैदास केंद्र चालवले आणि तिथली पिल्ले अनेक राज्यांतल्या नद्यांत सोडली गेली. तसे काम गोदावरीच्या उगमाकडच्या पट्ट्यात व्हावे, असे मला मनापासून वाटते.

धरणातली मासेमारी हे पीकच आहे आणि त्याची पेरणी हातानेच होते. मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली या एकाच पिल्लाच्या तीन पायऱ्या. जिरे म्हणजे मिलिमीटरमधले, बोटुकली बोटाएवढी. वाद इथेच होतो. बारीक बीज स्वस्त पडते, एका टाकीत लाखांनी मावते आणि कागदावर आकडा मोठा दिसतो. पण धरणात मरळ आणि शिवडा टपलेले असतात, आणि पुराच्या लोंढ्यात निम्मे बीज सांडव्यावरून खाली निघून जाऊ शकते. पाऊस ओसरल्यावर चांगली वाढलेली बोटुकली सोडली तर थोड्या पिल्लांतूनही जाळी भरतात. दुसरी गोष्ट जाळ्याचा आस, म्हणजे विणीचे भोक. बारीक आसाच्या जाळ्यात पावशेराचे पिल्लू सापडते, जे पुढच्या आश्विनात किलोच्या घरात गेले असते. ज्याचा मासेमारीचा ठेका उद्या संपणार आहे, त्याला पुढच्या आश्विनाचे काय? पाणी वर्षानुवर्षे त्याच वस्तीच्या मच्छीमार संस्थेकडे राहिले तरच मोठ्या आसाचे जाळे परवडते. याबाबत माझे मत ठाम आहे.

बाजाराचे पंचांगही असेच चालते. श्रावणात मागणी पडते, पितृपक्षात आणि नवरात्रात पुन्हा थंडावते. दसरा झाला की गिऱ्हाईक परत येते, आणि नेमका त्याच वेळी मासा काठाशी असतो. कटल्याचे डोके वेगळे मागून घेणारे घरोघरी आहेत. काळ्या मसाल्याच्या रश्श्याला त्याच्या डोक्याइतकी चव दुसऱ्या कशाने येत नाही. सायप्रिनस त्याच्यापेक्षा स्वस्त जातो, काट्यांमुळे.

कार्तिकात रब्बीचे पहिले आवर्तन सुटते. नांदूरमधमेश्वरला वरून पाणी येत राहते, म्हणून तिथे पातळी फारशी हलत नाही. दारणा-मुकणेसारख्या धरणांत मात्र पाणी आठवड्या-आठवड्याने उतरते. काठचे बुडालेले गवत उघडे पडते, मासा मागे सरकत जुन्या नदीपात्राच्या खोल भागात गोळा होतो. ज्यांना धरण होण्याआधीचे पात्र ठाऊक आहे, कुठे डोह होता, कुठे उतार होता, त्यांची जाळी मग काठावरून उठून तिकडे जातात, आणि खालच्या दोरीला शिशाचे वजन वाढवले जाते.