मिनी पीसी
मेजावर वापरावयाच्या वैयक्तिक संगणकाचे सर्व आवश्यक भाग हातावर मावेल एवढ्या पेटीत बसविलेला, परंतु स्वतःचा पडदा, कळफलक व विद्युत् घट नसलेला संगणक. यास ‘लघुसंगणक’ म्हणण्याचा मोह होतो. तथापि ती संज्ञा मराठीत १९६५ मध्ये आलेल्या पीडीपी–८ सारख्या, लहान शीतकपाटाएवढ्या यंत्रांसाठी रूढ झालेली असल्याने येथे ‘मिनी पीसी’ हेच नाव वापरले आहे.

नेहमीच्या संगणकाची पेटी मोठी असते ती मुख्यतः रिकाम्या जागेमुळे. जादा मंडलफलकांच्या खाचा, फिरत्या चकत्यांचे कप्पे व आतील वीजपुरवठा एकक यांसाठी ती जागा राखलेली असते आणि बहुसंख्य घरांत तिचा उपयोग कधीच होत नाही. ही जागा काढून टाकण्याच्या दिशेने २००१ मध्ये व्हीआयए या तैवानी कंपनीने १७ सेंमी. बाजूचा चौरस मुख्य फलक मांडला. २००५ मध्ये ॲपल कंपनीचा मॅक मिनी विक्रीस आला; त्याची बाजू १६·५ सेंमी., उंची सु. ५ सेंमी. व वजन सु. १·३ किग्रॅ. होते. पडदा व कळफलक ग्राहकाने आपापला आणावा, ही कल्पना त्यामुळे सर्वसामान्य खरेदीदारापर्यंत पोहोचली. इंटेल कंपनीने २०१२ मध्ये एनयूसी ही मालिका जाहीर केली. तिचा फलक जेमतेम १० सेंमी. चौरस होता व आज बाजारात दिसणाऱ्या अनेक पेट्यांचा घाट त्यावरूनच आलेला आहे. २०२३ मध्ये इंटेलने या व्यवसायातून अंग काढून घेतले व उत्पादनाचा परवाना असुस कंपनीकडे गेला.

रचना : मिनी पीसीचे आतील भाग बहुधा मांडीवरील संगणकाचेच असतात. स्मृतिपट्टी सु. ६·८ सेंमी. लांबीची (मोठ्या संगणकात ती सु. १३·३ सेंमी. असते) आणि माहिती साठविण्याचे अचल साधन २·२ सेंमी. रुंद व ८ सेंमी. लांब असते. वीजपुरवठा एकक पेटीबाहेर, अडॅप्टरच्या रूपात असते. त्यामुळे जागा वाचते, शिवाय त्याची उष्णताही बाहेरच राहते. पेटीच्या तळाशी असलेली पट्टी पडद्याच्या पाठीमागील ७·५ किंवा १० सेंमी. अंतरावरील छिद्रांत स्क्रूने बसविली, की संगणक पडद्याआड जातो व मेज मोकळे होते. एकाच खोलीत अभ्यास, जेवण व झोप या तिन्ही गोष्टी उरकाव्या लागणाऱ्या शहरी घरात ही सोय क्षुल्लक नव्हे.

विजेची बचत हा दुसरा लाभ. हलक्या कामात असा संगणक सु. १० वॉट, तर जुना मोठा संगणक पडदा वगळून सु. ६० वॉट वीज घेतो असे धरल्यास, रोज ८ तासांच्या वापरात वर्षाला अनुक्रमे सु. २९ व १७५ युनिटे खर्च होतात. मात्र विद्युत् घट नसल्यामुळे वीज जाताच यंत्र बंद पडते व न साठविलेले काम नष्ट होते. ज्या भागात वीज वारंवार जाते तेथे अखंड वीजपुरवठा साधनाची किंमत खरेदीतच धरावी. उलट, सतत अडॅप्टरला जोडून ठेवलेल्या मांडीवरील संगणकाचा घट कालांतराने फुगण्याचा जो संभव असतो, तो येथे उद्‌भवत नाही.

मनोरंजनासाठी वापर : दूरचित्रवाणी संचाला जोडलेल्या मिनी पीसीवर चित्रपट, संगीत व घरातील छायाचित्रे एकाच ठिकाणाहून पाहता-ऐकता येतात. येथे प्रक्रियकाच्या निव्वळ वेगापेक्षा त्यातील चित्रविसंकेतक महत्त्वाचा. ३,८४० × २,१६० बिंदूंच्या एका चित्रात सु. ८३ लक्ष बिंदू असतात व अशी चित्रे सेकंदाला ६० पर्यंत दाखवावी लागतात. एवढी माहिती संकोचित रूपातच पाठविली जाते. त्यासाठी एच.२६४ (२००३), एचईव्हीसी (२०१३) व एव्ही१ (२०१८) अशी मानके क्रमाने आली. ज्या मानकासाठी स्वतंत्र मंडल प्रक्रियकात आहे, ते चित्र अल्प विजेत व आवाज न होता उलगडते. ते नसल्यास सर्व भार प्रक्रियकावर पडून पंखा घोंगावू लागतो व चित्र अडखळते. इंटेलच्या प्रक्रियकांत एव्ही१ची सोय २०२० मधील अकराव्या पिढीपासून आहे. तसेच एचडीएमआय जोडणी १·४ आवृत्तीची असल्यास वरील विभेदनात सेकंदाला ३० चित्रेच मिळतात. चित्रपटाला ती पुरतात, पण लिहिण्या-वाचण्याच्या कामात दर्शक बाण झटके देत सरकतो व डोळ्यांना त्रास होतो; म्हणून २·० वा पुढील आवृत्ती पाहून घ्यावी.

एक निराशा मात्र आधीच सांगितलेली बरी. काही सशुल्क चित्रपट सेवा हक्कसंरक्षणाच्या कारणास्तव संगणकावर, विशेषतः लिनक्स प्रणालीवर, सर्वोच्च विभेदन देत नाहीत. दूरचित्रवाणीच्या दूरनियंत्रकाला दाद देण्याची सोयही बहुतेक मिनी पीसींत नसते. त्यामुळे बिनतारी कळफलक जवळ ठेवावा लागतो आणि घरातील वृद्धांना तो गैरसोयीचा वाटतो. केवळ चित्रपटच पाहावयाचे असतील, तर स्वस्त प्रवाहसाधन पुरे. मिनी पीसीची किंमत वसूल होते ती दिवसा पत्रव्यवहार, हिशेब वा शिकवणी व रात्री करमणूक अशा दुहेरी वापरात.

मर्यादांचे मूळ उष्णतेत आहे. लहान पेटीत लहान पंखा बसतो, म्हणून प्रक्रियक बहुधा १५ ते ३५ वॉट मर्यादेतील निवडतात. चित्रफीत संपादनासारखे काम दीर्घकाळ चालले, की तापमान वाढते व प्रक्रियक स्वतःच आपला वेग कमी करतो. बंद कपाटात ठेवलेल्या किंवा धुळीने भरलेल्या पेटीत हे लवकर घडते. स्वतंत्र आलेखिकी फलकास बहुधा जागा नसते. काहींत, उदा., २०२० पासूनच्या मॅक मिनीत, स्मृती प्रक्रियकाबरोबरच जडविलेली असल्याने ती नंतर वाढविता येत नाही.

फारशा परिचित नसलेल्या नाममुद्रांच्या बाबतीत सावधगिरी हवी. २०२४ मध्ये अशा काही यंत्रांत विक्रीपूर्वीच घातक आज्ञावली शिरलेली आढळली होती. त्यामुळे नव्या यंत्रावरही कार्यप्रणाली अधिकृत स्रोतावरून पुन्हा बसविणे इष्ट. कमी खर्चाचा दुसरा मार्ग कार्यालयांतून निवृत्त झालेल्या, सु. १ लिटर घनफळाच्या यंत्रांचा आहे. लेनोवोच्या टायनी (२०१२ मधील प्रतिमान सु. १८ × १८ × ३·५ सेंमी.) यासारखी ही यंत्रे दणकट असतात, त्यांचे सुटे भाग मिळतात व मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारपेठांत त्यांची दुरुस्तीही होते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा वा पुढील प्रक्रियक लागतो, हे घेताना पाहावे. त्याहून जुन्या यंत्रावर लिनक्स बसविल्यास लेखन, हिशेब व जालपृष्ठ वाचन यांसाठी ते आणखी काही वर्षे वापरता येते.