भातकापणीचें यंत्र : नवें घ्यावें कीं वापरलेलें?

ठाणें जिल्ह्यांत भाताची कापणी वेळेवर उरकणें दरवर्षीं अधिकाधिक कठीण होत चाललें आहे. कल्याण, अंबरनाथ व बदलापूर येथील कारखान्यांकडे तरुण मंडळी जातात. मुरबाड-शहापुराकडील मजूर कुटुंबें दिवाळी होतांच वीटभट्ट्यांवर निघतात. हळवें भात पिकतें तेव्हां पाऊस पुरता गेलेला नसतो, आणि गरवें तयार होतें तेव्हां माणूस मिळत नाहीं. सन २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीस, अरबी समुद्रांत क्यार वादळ असतांना, जो अवकाळी पाऊस झाला त्यानें कोंकणांतील उभ्या व कापलेल्या भाताची नासाडी केली, हें आपणांस स्मरत असेलच. अशा स्थितींत यंत्राचा विचार मनांत येणें साहजिक आहे. प्रश्न उरतो तो, नवें घ्यावें कीं कोणाचें वापरलेलें, हा.

परंतु त्याआधीं कोणतें यंत्र, हें ठरविलें पाहिजे. कापणी व मळणी एकदम करणारें मोठें कंबाईन यंत्र पाहून पुष्कळांस मोह पडतो. समृद्धि महामार्गासाठीं शहापूर, कल्याण व भिवंडी या तालुक्यांतील जमिनी गेल्या, त्यांचा मोबदला हातीं आल्यावर हा मोह अधिकच बळावला असल्यास नवल नाहीं. तथापि आपलीं खाचरें लहान, बांध उंच, आणि एका खाचरांतून दुसऱ्यांत जाण्यास वाट नाहीं. ओल्या जमिनींत अवजड चाकांनीं चर पडतात, ते मागाहून वालाच्या पेरणीस नडतात. शिवाय अशा यंत्रांतून पेंढा बहुधा पिंजून व तुटून निघतो. ज्याच्या दावणीला गुरें आहेत त्याला हें परवडत नाहीं. तेव्हां चार-पांच एकरांच्या धन्यानें कंबाईन नवेंही घेऊं नये आणि जुनेंही घेऊं नये. भाड्यानें आणावें, किंवा गांवच्या गटानें अवजार बँक काढून घ्यावें.

आपल्या उपयोगाचें यंत्र म्हणजे माणसानें मागें चालून हाकण्याचा रीपर. त्याची पट्टी सुमारें एक मीटर रुंद असते, तो भात बुडाशीं कापून एका बाजूस ओळीनें टाकतो, आणि पेंढा अखंड राहतो. साधारण दोन-तीन तासांत एकर उरकतो. कोपरे व लोळलेलें भात मात्र विळ्यानेंच कापावें लागतें. त्याकरितां दापोलीच्या कृषि विद्यापीठानें प्रसृत केलेला दांतेरी वैभव विळा घरांत असावाच.

आतां हिशेब पाहूं. आंकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, नवा रीपर १,२०,००० रुपयांस व वापरलेला ६०,००० रुपयांस मिळतो. बचत ६०,००० ची. आपलें क्षेत्र चार एकर, उत्पन्न एकरीं १० क्विंटल. जुनें यंत्र ऐन कापणींत चार दिवस बंद पडलें आणि तेवढ्यांत पाऊस येऊन चतुर्थांश पीक गेलें, तर १० क्विंटल भात बुडालें. सन २०२५-२६ च्या हंगामासाठीं साधारण भाताचा हमीभाव २,३६९ रुपये ठरला. त्या दरानें हें नुकसान २३,६९० रुपयांचें होतें. असे तीन हंगाम आले कीं बचत संपून वर पदरचे गेले. कापणीचें यंत्र वर्षांतून जेमतेम दहा-बारा दिवस चालतें, पण तेवढे दिवस तें चाललेंच पाहिजे. नांगर चार दिवस उशिरां दुरुस्त झाला तरी तितकें बिघडत नाहीं.

त्यांतून सरकारी अनुदान नव्याच यंत्रास मिळतें. कृषि यांत्रिकीकरणाच्या योजनेंत अल्प व अत्यल्प भूधारक, स्त्रिया आणि अनुसूचित जाति-जमातींचे शेतकरी यांस किमतीच्या ५० टक्के व इतरांस ४० टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत, अशी सवलत ठेवलेली आहे. म्हणजे वरील उदाहरणांत, मर्यादा आड न आल्यास, नव्याची व जुन्याची किंमत एकच होते! मात्र महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमति हातीं आल्यावांचून खरेदी करूं नये, आणि रक्कम आधीं स्वतः भरून मग परत घ्यावयाची असते हें ध्यानांत ठेवावें. तेवढ्यासाठीं सावकार गांठला तर लाभ व्याजांत जाईल. कापणी व मळणी यंत्रांवरील वस्तु व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हेंही नव्याच्या बाजूचें आहे.

तरीही वापरलेलें यंत्र सर्वस्वीं त्याज्य नव्हे. शेजाऱ्याच्या ज्या यंत्राचें काम आपण दोन हंगाम डोळ्यांनीं पाहिलें, ज्याचे सुट्टे भाग कल्याण-मुरबाडांत मिळतात, आणि जें उघडून जोडण्याइतकें ज्ञान घरांतल्या कोणास आहे, तें जरूर घ्यावें. पायानें चालविण्याचें मळणी यंत्र तर जुनें घेण्यास हरकतच नाहीं. ढोलावरील तारेच्या कड्या व दोन बाजूंचीं बेअरिंगें पाहिलीं कीं बहुतेक सारें पाहून झालें. मळणी दोन दिवस लांबली तरी भारे झांकून ठेवतां येतात.

रीपर पाहण्यास जावयाचें तर अवचित जावें आणि प्रथम इंजिनास हात लावावा. तें आधींच तापलेलें असेल तर थंडपणीं सुरू होण्यास तें कुरकुरतें कीं काय, असा संशय धरावा. पट्टीचीं पातीं मोडलेलीं असल्यास भिऊं नये, तीं बदलतां येतात. पण पट्टी वाकलेली, गिअरबॉक्स तेल गाळणारा, अथवा भारे वाहणारी साखळी सैल होऊन दांत्यांवरून घसरणारी असेल तर किंमत कितीही उतरली तरी परत फिरावें. नवा रंग दिसला तर रंगाखालचे जोड नखानें खरवडून पाहावे. अंगणांत यंत्र फिरवून दाखविणाऱ्यास उभ्या भातांत, तेंही सकाळच्या दंवांत, चालवून दाखविण्यास सांगावें. कोरड्या जमिनीवर सगळींच यंत्रें चांगलीं चालतात. मूळ खरेदीची पावती पाहिल्यावांचून विसार देऊं नये, आणि यंत्र कर्जाऊ घेतलेलें असेल तर कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला मागावा.

उभ्या पिकांत परीक्षा हंगामांतच होते, पण भाव हंगाम सरल्यावर उतरतात. म्हणून दिवाळीच्या सुमारास यंत्र शेतांत पाहून ठेवावें, मालकाशीं बोलणें करावें, आणि सौदा पौषांत पुरा करावा.